हानलेच्या परिसरात गाडीतच मुक्काम: उंचावरच्या थंड वाळवंटात कोणती काळजी घ्यावी?

सप्तर्षी, पुणे (२८ जून)

नमस्कार मंडळी. पावसाळ्याचे चार महिने पुण्याचे आकाश ढगांनी झाकलेले असते आणि उरलेले आठ महिने ते शहराच्या दिव्यांमुळे धुरकट दिसते, त्यामुळे लडाखमधील हानले येथे जाऊन एकदा तरी खरा अंधार अनुभवावा, ही माझी आणि यजमानांची बऱ्याच वर्षांची इच्छा आहे. २०२२ मध्ये तेथील परिसर गडद आकाश राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाल्यापासून ती अधिकच बळावली. यंदा भाद्रपद अमावास्येच्या सुमारास जायचे ठरवले आहे. पितृपक्षात प्रवासाला निघू नये असे सासूबाईंचे म्हणणे आहे, पण अमावास्या काही आमच्या सोयीने सरकणार नाही, हे त्यांनाही पटले आहे.

आमच्याकडे सात आसनी डिझेल गाडी आहे. मागची आसने काढून सुताराकडून प्लायवूडचा पलंग बनवून घेतला आहे आणि त्याखाली भांडी, शेगडी व दुर्बीण ठेवण्यासाठी कप्पे केले आहेत. कोकणात आणि कच्छच्या रणाच्या काठी मिळून पंचवीस-तीस रात्री आम्ही या गाडीत सुखाने झोपलो आहोत. माझे वय ४९ आणि यजमानांचे ५३ आहे. दोघांनाही मधुमेह किंवा हृदयविकार नाही.

बेत असा आहे: मनालीहून निघून पहिली रात्र जिस्पा येथे, दुसरी रात्र मोरे मैदानात रस्त्यापासून जरा आत गाडीतच, तिसरी त्सो कार सरोवराजवळ आणि तेथून पुगा खोऱ्यातून थेट हानले. लेहला परत येताना जाऊ. गाडीत झोपताना ऊब राहावी म्हणून गॅसवर चालणारा एक छोटा हीटर घेण्याच्या विचारात आहोत. इतक्या निर्जन भागात काही अडचण आली तर संपर्कासाठी काय करावे, वाटेत कोठे थांबू नये आणि गाडीची कोणती तयारी करावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. परदेशातील भटक्यांचे सल्ले पुष्कळ वाचले, पण ते नेवाडा आणि युटाच्या वाळवंटाविषयी आहेत. तिकडचे लोक पाणी आणि उष्णता यांचीच काळजी अधिक करताना दिसतात.

पाऊलवाट (२८ जून)

ताई, तुमची गाडी आणि तयारी उत्तम दिसते, पण हा बेत कृपया आजच रद्द करावा. मी या भागात चार वेळा स्वतःची गाडी घेऊन गेलो आहे आणि पहिल्या खेपेला जवळपास हाच बेत केला होता, म्हणून इतक्या स्पष्टपणे लिहितो.

नेवाडा-युटाची बहुतांश वाळवंटे दीड-दोन हजार मीटर उंचीवर आहेत. हानले ज्यावर आहे ते चांगथांगचे पठार त्याच्या दुपटीहून अधिक उंच आहे, त्यामुळे तिकडचा सल्ला येथे अर्धाच उपयोगी पडतो. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे, जिस्पा ३,२०० च्या आसपास आणि मोरे मैदान ४,७०० मीटरवर. म्हणजे दुसऱ्या आणि पहिल्या रात्रीच्या अंथरुणांत दीड हजार मीटरचा फरक पडतो. तीन हजार मीटरच्या पुढे गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा अधिक वर नेऊ नये, असा सर्वमान्य नियम आहे. दिवसा खिंड ओलांडून खाली उतरणे शरीर सहन करते. झोप मात्र त्याच उंचीवर काढायची असते आणि झोपेत श्वास आणखी मंद होतो. मोरे मैदानाची ती भूमी दिसायला इतकी सपाट आणि मोकळी असते की आपण पठारावर आहोत, उंचावर नाही, असा भास होतो. आम्ही पांगच्या पुढे मोठ्या कौतुकाने मुक्काम ठोकला, रात्री अकरा वाजता मित्राला उलट्या सुरू झाल्या आणि बाहेर पडायचे तर पुढे तांगलांग ला ही खिंड, ५,३०० मीटर, आणि मागे लाचुंग ला, ५,००० मीटरच्या वर. खाली उतरायलाही आधी वर चढावे लागते अशी ती जागा आहे. मुक्कामाची जागा निवडताना मी आता सर्वांत आधी हाच प्रश्न विचारतो: येथून मध्यरात्री खाली जायचे झाले, तर रस्ता खरोखर खाली जातो का?

श्रीनगरकडून जावे, हा माझा सल्ला. सोनमर्ग २,७०० मीटर, कारगिलही तेवढेच, आणि मग लेह ३,५०० मीटर. लेहमध्ये तीन रात्री काढाव्यात, त्यातील पहिला दिवस अक्षरशः लोळत. तेथून सिंधूच्या काठाने उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा, लोमा असा रस्ता आहे. लेह ते हानले साधारण अडीचशे किलोमीटर. लेहहून एका दिवसात हानले गाठता येते आणि बहुतेक लोक तसेच करतात, पण तुम्ही चुमाथांगला एक रात्र काढावी. ते साधारण ४,००० मीटरवर आहे, गरम पाण्याचे झरे आहेत, वस्ती आहे आणि रस्ता नदीच्या प्रवाहाबरोबर लेहकडे उतरतो. त्यानंतर हानलेचे ४,३०० मीटर अंगावर येत नाही. परतताना पुगा, त्सो कार, मोरे मैदान, सरचू असे मनालीकडे उतरावे. तोवर शरीर सरावलेले असते, आणि मोरे मैदानातली ती रात्र हवीच असेल तर तेव्हा काढावी.

निवांत (२९ जून)

उंचीचा इतका बाऊ करण्याचे कारण नाही, असे मला वाटते. आम्ही गेल्या वर्षी सरचूला गाडीत गॅसचा हीटर लावून झोपलो. सकाळी थोडे डोके जड होते, पण ते तर तिकडे सगळ्यांचेच होते. काचा नीट बंद ठेवल्या म्हणजे ऊब छान टिकते.

भूलतज्ज्ञ, नाशिक (२९ जून)

निवांत यांच्या प्रतिसादात ‘सकाळी थोडे डोके जड होते’ असे जे वाक्य आहे, त्यावर मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तेथेच दडलेली आहे.

बंद गाडीत काहीही जळत असले, मग तो हीटर असो, शेगडी असो, कोळशाची बादली असो किंवा उभ्या गाडीचे इंजिन असो, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनला जागाच ठेवत नाही. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही थोडा कमी असतो, त्यामुळे ज्योत अर्धवट जळून हा वायू अधिक निर्माण होतो आणि ज्या शरीरात तो शिरतो त्याला आधीच ऑक्सिजनची चणचण असते. डोकेदुखी, मळमळ, थकवा, भोवळ ही त्याची पहिली लक्षणे. उंचीच्या त्रासाची पहिली लक्षणेही तंतोतंत हीच आहेत.

आता प्रसंग डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे दोन वाजले आहेत, बाहेर उणे सहा अंश आहे आणि यजमानांचे डोके ठणकते आहे. हीटर चालू असेल तर हे उंचीमुळे आहे की वायूमुळे, हे गाडीत बसून तुम्हाला कोणत्याही प्रकारे ठरवता येणार नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही येथे फसवतो, कारण साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन चिकटलेले हिमोग्लोबिन यांतील फरक कळत नाही. ते दोन्ही मिळून मोजते आणि आकडा खोटा चांगला दाखवते. हानलेच्या उंचीवर निरोगी माणसाचाही आकडा पंच्याऐंशीच्या आसपास येणे नवलाचे नाही. तेथे डोके फुटत असताना यंत्र सत्त्याण्णव दाखवू लागले, तर आनंद मानू नका, दार उघडून बाहेर पडा.

म्हणून माझा सल्ला एकच आहे. गाडीत रात्री काहीही जाळायचे नाही, अगदी पाच मिनिटे चहापुरतेसुद्धा नाही, असा नियम घरून निघतानाच करावा. मग रात्री डोके दुखले तर त्याचे कारण उंचीच आहे असे धरून पुढचे पाऊल टाकता येते. दोन संशयितांपैकी एकाला आधीच घरी ठेवून निघायचे. बॅटरीवर चालणारे कार्बन मोनॉक्साइडचे सूचकयंत्र मिळते, ते उशाशी जरूर असावे, कारण शेजारच्या गाडीचा किंवा जनरेटरचा धूरही आत येऊ शकतो. पण यंत्र आहे म्हणून हीटर लावणे हा उलटा हिशोब झाला. काच किंचित उघडी ठेवून हीटर लावला तर चालेल का, असे लोक विचारतात. चालत नाही, काच उघडी ठेवायचीच, पण ती श्वासाच्या बाष्पासाठी.

उंचीच्या त्रासाबद्दल थोडक्यात. साधी डोकेदुखी असेल तर आणखी वर जायचे नाही, विश्रांती घ्यायची, पाणी आणि पॅरासिटामॉल घ्यायचे. त्यात वाढ झाली तर खाली उतरायचे. दोन लक्षणांवर मात्र सकाळची वाट पाहायची नाही. स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागणे किंवा खोकल्यासोबत छातीत खुळखुळ होणे म्हणजे फुप्फुसात पाणी साठते आहे. आणि सरळ रेषेत टाचेला चवडा लावून दहा पावले चालता न येणे, बोलण्यात असंबद्धता येणे म्हणजे मेंदूला सूज येते आहे. तशा वेळी त्याच क्षणी गाडी काढून खाली निघावे. बाजारात मिळणारा ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो आणि त्याच्या भरवशावर थांबलेला माणूस मौल्यवान तास गमावतो. न्योम्याला सरकारी आरोग्य केंद्र आहे, मोठे रुग्णालय मात्र लेहलाच, सोनम नोरबू स्मृती रुग्णालय. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिले जाते, परंतु सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते परस्पर घेऊ नये. आपल्या डॉक्टरांना विचारून घरीच एक गोळी घेऊन पाहावी. बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरू नये. मद्य आणि झोपेच्या गोळ्या पहिले काही दिवस पूर्ण वर्ज्य.

निवांत (२९ जून)

ऑक्सिमीटर फसवते हे ठाऊक नव्हते. हीटर माळ्यावर ठेवला आहे.

बारा-तेराचा पाना (३० जून)

मी चिंचवडला गाड्यांच्या इंजिनांशीच संबंधित काम करतो, म्हणून गाडीपुरते लिहितो.

आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते रेडिएटरकडे. महाराष्ट्रात पाणी गोठत नाही, त्यामुळे कूलंट कमी झाले की गॅरेजवाले बिनदिक्कत नळाचे पाणी ओततात आणि दोन-तीन वर्षांत आत निम्म्याहून अधिक पाणीच उरते. माझ्या एका नातेवाइकांच्या गाडीत नेमके असेच झाले होते. पँगाँगला रात्री ते गोठले आणि सकाळी रेडिएटरला चीर गेली. निघण्यापूर्वी संपूर्ण कूलंट काढून नवे भरून घ्यावे. ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे असेल तर ते उणे पस्तीस अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. काच धुण्याच्या टाकीतही साधे पाणी ठेवू नये.

रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नये. वाटेत ओढ्यातून गेलेली गाडी असेल तर ओला ब्रेक गोठून चिकटतो आणि सकाळी चाक फिरत नाही. गाडी सपाट जागी लावावी, पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि दोन चाकांना दगडांची उटी लावावी. तोंड वाऱ्याकडे करावे. तेथे दुपारनंतर वारा सुटतो, आणि वारा मागून असताना दार उघडले तर ते हातातून निसटून बिजागरीसकट वाकते.

टायरच्या हवेविषयी एक गंमत. चिप्सचे पाकीट जसे वर गेल्यावर फुगते, तसेच टायरचेही होते: बाहेरचा दाब पुण्यापेक्षा सुमारे पाच पौंडांनी उतरल्यामुळे काट्यावर तेवढी हवा जास्त दिसते. पुण्यात ३३ भरली असेल तर थंडीमुळे होणारी घट वजा जाऊनही तेथे ३५ च्या पुढे आकडा येऊ शकतो आणि खडीच्या रस्त्यावर गाडी उड्या मारू लागते. तेथे पोचून सकाळी, टायर थंड असताना, हवा पुन्हा बेतावी. बारा व्होल्टचा छोटा पंप, पंक्चरच्या वाती आणि एक खरे पूर्ण आकाराचे जादा चाक सोबत हवे.

डिझेल लेह किंवा कारूला टाकी काठोकाठ भरूनच घ्यावे. चढ, खालचे गिअर आणि विरळ हवा यांमुळे सरासरी नेहमीपेक्षा बरीच कमी पडते. नकाशावरच्या अंतराच्या दीडपट अंतराचे इंधन धरून चालावे. वाटेतल्या गावात कॅनमधून मिळणाऱ्या सुट्या डिझेलवर बेत आखू नये. सप्टेंबरमध्ये साधे डिझेल गोठण्याची भीती फारशी नाही. हिवाळ्यासाठी तिकडे उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल २०१९ पासून मिळते, पण त्याची गरज नोव्हेंबरनंतरची. बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर बदलूनच निघावे, कारण थंडीत तिची ताकद उतरते आणि त्याच वेळी इंजिनाला जास्त जोर लागतो. पॉवर बँक शून्याखाली चार्ज करू नये. फोन, पॉवर बँक आणि दुर्बिणीची बॅटरी रात्री पांघरुणात घ्यावी.

माजी सुभेदार, सातारा (१ जुलै)

या भागात माझी दोन वेळा नेमणूक झाली होती. वरच्या मंडळींनी सांगितलेले सर्व योग्य आहे. काही गोष्टी जोडतो.

आपण ‘रस्त्यापासून जरा आत’ असे लिहिले आहे, ते करू नये. हा सगळा प्रदेश रिकामा वाटतो, परंतु तो रिकामा नाही. त्यातील मोठा भाग चांगथांग वन्यजीव अभयारण्यात येतो, चांगपा मेंढपाळांची कुरणे आहेत, काळ्या मानेच्या क्रौंचांची घरटी पाणथळीत असतात आणि पुढे सीमा आहे. त्सो मोरीरी आणि त्सो कार ही दोन्ही सरोवरे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहेत, पहिले २००२ पासून आणि दुसरे २०२० पासून. त्यांच्या काठावर गाडी नेणे किंवा तंबू ठोकणे हा केवळ नियमभंग नाही, तर मूर्खपणाही आहे. त्सो कारच्या कडेला पांढरे मिठाचे पापुद्रे वाळलेल्या मैदानासारखे दिसतात आणि त्याखाली चिखल असतो. एका पर्यटकाची जीप त्यात धुऱ्यापर्यंत रुतलेली मी पाहिली आहे. ती काढायला आमच्या जवानांना अर्धा दिवस लागला, आणि तो पर्यटक शेजारी उभा राहून आम्हाला सूचना देत होता.

कोरड्या नाल्याच्या पात्रात गाडी लावू नये. तेथील जागा सपाट, वाळूची आणि वाऱ्यापासून आडोशाची असते म्हणून मोह होतो. ५ आणि ६ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहमध्ये ढगफुटी झाली, तेव्हा पाण्याचा लोंढा अशाच कोरड्या पात्रांतून आला होता. रस्त्यावर आडवे येणारे नाले सकाळी लवकर ओलांडावेत. दुपारी वरचा बर्फ वितळून तेच पाणी गुडघ्यापासून मांडीपर्यंत चढते.

जनावरांपैकी लांडग्याची किंवा हिमबिबट्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. भीती कुत्र्यांची आहे. लष्करी तळांच्या उकिरड्यांवर पोसलेल्या भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या पठारावर फिरतात आणि रात्री त्या धीट होतात. उष्टे अन्न बाहेर ठेवू नये, आणि लघुशंकेसाठी रात्री खाली उतरण्यापूर्वी सर्व बाजूंनी बॅटरीचा झोत टाकून पाहावे. शौचाचे विचाराल, तर त्या थंड कोरड्या जमिनीत काहीही कुजत नाही. म्हणून घरगुती निवासातील लडाखी कोरडे शौचालय वापरावे.

संपर्काविषयी. इतर राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागते, आणि तेही गावापुरतेच. परदेशी भटक्यांच्या यादीत उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र हमखास असते. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणे हा गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी महिलेला याच कारणासाठी अडवले होते. सीमेजवळ सापडले तर काय होईल याची कल्पना करावी. ड्रोनही घरीच ठेवावा. त्याऐवजी जुनी पद्धत वापरावी: आज कोठून कोठे जाणार आणि उद्या कितीपर्यंत फोन न आल्यास कोणाला कळवायचे, हे लेहमधील आपल्या निवासाच्या मालकांना आणि घरी एका जबाबदार माणसाला लिहून द्यावे. माहे आणि लोमा येथील चौक्यांवर नोंद होते, ती आपल्याच हिताची आहे. गाडी बंद पडल्यास गाडी सोडून चालत निघू नये. दिवसातून लष्कराची किंवा सीमा सडक संघटनेची एखादी तरी गाडी जातेच, आणि उघड्यावर चालणाऱ्या माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

परवान्याचे आणि पर्यावरण शुल्काचे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून लेहमध्ये पोचल्यावर ताजी चौकशी करून कागदाच्या चार-पाच प्रती काढाव्यात. मुक्कामासाठी माझे मत असे: हानलेमध्ये एखाद्या घरगुती निवासाच्या अंगणात, त्यांना विचारून आणि त्यांचे जे काही असेल ते भाडे देऊन, गाडी लावावी आणि गाडीत झोपावे. आपल्याला आकाश मिळते, त्यांना उत्पन्न मिळते आणि रात्री अडचण आली तर ठोठावायला एक दार असते.

सप्तर्षी, पुणे (२ जुलै)

सर्वांचे मनापासून आभार. बेत बदलला आहे: श्रीनगर, कारगिल, लेह तीन रात्री, चुमाथांग एक, हानले तीन. हीटरचा विचार सोडला. मग ऊब कशी राखावी, आणि स्वयंपाकाचे काय, एवढाच प्रश्न उरतो.

पाऊलवाट (२ जुलै)

झोपण्याची पिशवी घेताना लेबलावरचा मोठ्या अक्षरांतला आकडा पाहू नका. तो अनेकदा माणूस कसाबसा तग धरेल त्या तापमानाचा असतो. सुखाने झोप लागेल असे तापमान त्याखाली बारीक अक्षरांत असते, ते उणे दहा असलेली घ्या. थंडी अंगाखालून जास्त लागते, म्हणून प्लायवूडवर फोमची जाड चटई हवी. झोपताना स्टीलच्या बाटलीत उकळते पाणी भरून ती लोकरी मोज्यात घालून पायाशी ठेवावी. पहाटेपर्यंत ती कोमट असते आणि सकाळी न गोठलेले पाणीही मिळते. काचांवर आतून फॉइल लावलेल्या फोमचे तुकडे कापून बसवावेत, पण दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात, नाहीतर दोघांच्या श्वासाचे दव गोठून सकाळी छतावरून अंगावर गळते.

स्वयंपाक गाडीबाहेर, वाऱ्याच्या आडोशाला. पाणी तेथे ८६ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी दाणा शाबूत राहतो. दोन लिटरचा कुकर न्यावा. ब्युटेनचे डबे थंडीत मंदावतात. स्वयंपाकापूर्वी डबा अर्धा तास जॅकेटच्या आत धरला तर चालतो, पण शेगडीवर किंवा गरम पाण्यात ठेवून तापवू नये.

सप्तर्षी, पुणे (१९ ऑक्टोबर)

परत आलो. उशीर झाला, पण कळवणे आवश्यक वाटले.

हानलेला एका घराच्या अंगणात गाडी लावली. गावात रात्री घरांना गडद पडदे लावलेले असतात आणि गाडीचा प्रखर दिवा लावू देत नाहीत, म्हणून आम्ही अंधार पडण्यापूर्वीच गाडी हव्या त्या दिशेला वळवून ठेवत असू आणि विजेरीवर लाल जिलेटिन कागद बांधला होता. टेकडीवरील वेधशाळेची दोन मीटर व्यासाची ‘हिमालयन चंद्र’ दुर्बीण (सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची) बंगळूरुजवळच्या होसकोटेहून चालवली जाते, हे घरमालकांच्या मुलीने सांगितले. भारतीय खगोलभौतिकी संस्थेने गावातल्या काही तरुण-तरुणींना दुर्बिणी देऊन शिकवले आहे, ती त्यांपैकी एक. तिने आम्हाला आकाश दाखवले, आम्ही आमची दुर्बीण दाखवली.

पहिल्याच रात्री पावणेतीन वाजता यजमानांनी मला उठवले. डोके दुखत होते आणि मळमळत होते. सूचकयंत्र शांत होते आणि गाडीत काडीसुद्धा पेटवलेली नव्हती, त्यामुळे डॉक्टरसाहेबांनी म्हटल्याप्रमाणे कारण शोधत बसावे लागले नाही. खाली उतरून लाल प्रकाशात अंगणातल्या फरशीच्या कडेवरून त्यांना टाचेला चवडा लावून चालायला लावले. दहाही पावले सरळ पडली. बसून धाप नव्हती. ऑक्सिमीटर ८४ दाखवत होते. पॅरासिटामॉल आणि मोज्यातल्या बाटलीतले कोमट पाणी दिले, आणि तासाभराने त्रास वाढला तर चुमाथांगकडे निघायचे असे ठरवून मी चालकाच्या आसनावर किल्ली हातात घेऊन बसून राहिले. चार वाजता ते घोरू लागले. दुसऱ्या दिवशी उमलिंग ला बघायला जायचे होते, १९,०२४ फूट. ते रद्द केले. यजमान अजून त्याबद्दल हळहळतात. उरलेल्या दोन रात्री काही त्रास झाला नाही आणि मृगाच्या नक्षत्रातला तेजोमेघ नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यासारखा दिसला.

चुकले ते एवढेच, की दुसऱ्या रात्री दुर्बीण गाडीत आणून लगेच झाकण लावले आणि सकाळी भिंगाच्या आत दव धरलेले आढळले. तिला बाहेरच झाकून ठेवायला हवे होते.

निवांत (१९ ऑक्टोबर)

काचा किती उघड्या ठेवल्या होत्या? थंडी फार शिरली नाही का?

सप्तर्षी, पुणे (२० ऑक्टोबर)

दोन्ही मागच्या काचा दोन बोटे, वर मच्छरदाणीचे कापड चिकटपट्टीने लावून. थंडी नाकाला लागत होती, अंगाला नाही. तरीही पहाटे पुढच्या काचेवर आतून खरवडण्याइतका बर्फ असे. तो जुन्या पंच्याने पुसून पंचा बाहेर आरशावर वाळत टाकला की अर्ध्या तासात पापडासारखा कडक होत असे.